परदेश प्रवासात खासगी लैंगिक साधने चेक-इन बॅगेत कशी न्यावीत?

शनिवार पेठेतल्या दवाखान्यात हा प्रश्न सहसा सगळ्यात शेवटी येतो. रक्तदाब मोजून होतो, प्रवासासाठी लागणाऱ्या गोळ्या लिहून होतात, आणि मग दार नीट लागले आहे ना हे पाहून विचारले जाते, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..." विचारणारे कधी मालदीवला निघालेले नवे जोडपे असते. कधी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्या आणि आता मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या काकू असतात. पहिल्यांच्या सामानात व्हायब्रेटर आणि मऊ हातकड्या असतात, दुसऱ्यांच्या सामानात डॉक्टरांनीच वापरायला सांगितलेला डायलेटरचा संच. दोघांची भीती मात्र एकच असते: "विमानतळावर सगळ्यांसमोर बॅग उघडली तर?"

या लेखात सामान कसे भरावे, कोणत्या देशात काय नेऊ नये आणि प्रवासात आरोग्याची काय काळजी घ्यावी हे क्रमाने पाहू.

ही साधने म्हणजे नेमके काय?

बॅग भरण्याच्या दृष्टीने त्यांचे तीन गट करता येतात.

• उपचाराची साधने: योनिमार्गाचे डायलेटर, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंच्या व्यायामाची उपकरणे, लिंगाच्या ताठरतेसाठी वापरला जाणारा व्हॅक्यूम पंप.
• सुखासाठीची साधने: व्हायब्रेटर, मसाजर, रिंग, प्लग.
• किंक किंवा बीडीएसएमची साधने: हातकड्या, दोर, पट्टे, चिमटे, डोळ्यांवरची पट्टी. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्पर संमतीने वापरलेली अशी साधने म्हणजे आजार नव्हे, विकृतीही नव्हे.

भारतातला कायदा काय म्हणतो?

स्वतःच्या वापरासाठी असे साधन जवळ बाळगणे हा भारतात गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २९२) अश्लील वस्तूंची विक्री, वितरण, प्रदर्शन आणि त्यासाठीची आयात-निर्यात यांबद्दल आहे.

अडचण येऊ शकते ती परत येताना. सीमाशुल्क कायद्याखाली १९६४ साली काढलेली एक अधिसूचना अश्लील वस्तू देशात आणण्यास मनाई करते. मात्र कोणती वस्तू अश्लील, हे बऱ्याचदा समोरच्या अधिकाऱ्याच्या मतावर ठरते. मुंबई उच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये अशी दोन प्रकरणे आली. मार्चमध्ये न्यायालयाने बॉडी मसाजरच्या आयातीबाबत सीमाशुल्क विभागाचे अपील फेटाळले. ते लैंगिक सुखासाठी वापरले जाऊ शकतात, एवढ्या कल्पनेवरून त्यांना प्रतिबंधित माल म्हणता येणार नाही, असा निकालाचा रोख होता. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांची अश्लील ठरवून जप्त केलेली चित्रे सोडून देण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

हे निकाल दिलासा देणारे आहेत, पण रात्री दोन वाजता विमानतळावरच्या काउंटरवर कोर्टाचा निकाल समजावून सांगणे सोपे नसते. म्हणून व्यवहारातला नियम असा: जे जप्त झाले तर चालेल तेच न्या, आणि परदेशातून नवे साधन विकत घेऊन येणे टाळा.

कोणत्या देशात अजिबात नेऊ नये?

इथे खरी काळजी घ्यायला हवी, कारण मधुचंद्रासाठी आणि सुट्टीसाठी पुण्यातून लोक ज्या ठिकाणी जास्त जातात, त्यांतल्या काहींचे नियम कडक आहेत.

• थायलंड: बाजारात उघड दिसत असली, तरी लैंगिक साधने कायद्याने बेकायदा आहेत.
• मलेशिया: अश्लील वस्तूंविषयीचा कायदा या साधनांना लागू होतो.
• मालदीव, संयुक्त अरब अमिराती (दुबई, अबू धाबी) आणि सौदी अरेबिया: अश्लील समजले जाणारे साहित्य देशात आणण्यास बंदी आहे. साधन जप्त होऊ शकते आणि चौकशीही होऊ शकते.

या देशांत जाताना सुखाची आणि किंकची साधने घरीच ठेवा. पाच-सहा दिवसांच्या आनंदासाठी परक्या देशात पोलिसांना उत्तरे देत बसण्यात अर्थ नाही. उपचाराचे साधन नेणे भागच असेल, तर निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडे लेखी विचारणा करा.

युरोपातील बहुतेक देश, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे प्रौढांनी स्वतःच्या वापरासाठी अशी साधने नेण्यास सहसा अडचण येत नाही.

मध्ये दुबईला फक्त विमान बदलायचे असेल आणि बॅग पुण्याहून किंवा मुंबईहून थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत लावलेली असेल, तर ती सहसा तिथल्या कस्टममधून जात नाही. पण दोन वेगळी तिकिटे असतील किंवा मध्ये दोन दिवस शहर पाहायचे असेल, तर बॅग हातात घेऊन बाहेर पडावे लागते आणि तिथला कायदा लागू होतो. तिकीट काढतानाच हे तपासा.

बॅटरी: बॅग उघडली जाण्याचे मुख्य कारण

स्कॅनरवर बसलेल्या माणसाला तुमच्या खासगी आयुष्यात रस नसतो. तो शोधत असतो आग लागू शकेल किंवा स्फोट होऊ शकेल अशा गोष्टी. म्हणून बॅटरीचे नियम नीट पाळले, तर बॅग उघडली जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

१. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही ठेवू नका. त्या हँडबॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून न्या.

२. बॅटरी आतच बसवलेली असेल, तर साधन पूर्ण बंद करून चेक-इन बॅगेत ठेवता येते. बॅटरीची क्षमता १०० वॉट-तासांपेक्षा जास्त नसावी. ३.७ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीची क्षमता सुमारे १.८५ वॉट-तास होते. म्हणजे लहान साधने मर्यादेच्या खूपच आत असतात.

३. साधन प्रवासात आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करा. अनेक साधनांना 'ट्रॅव्हल लॉक' असतो. बटण काही सेकंद दाबून धरल्यावर तो लागतो. साध्या सेलवर चालणारे साधन असेल तर सेल काढून ठेवा. आतून गुणगुणणारी बॅग पाहून कर्मचारी सावध होणारच.

बॅग कशी भरावी?

• साधन धुऊन पूर्ण कोरडे करा आणि सुती पिशवीत किंवा पारदर्शक झिप-पाऊचमध्ये ठेवा. पारदर्शक पाऊचमुळे बॅग उघडली तरी कुणाला हात न लावता वस्तू पाहता येते.
• पाऊच बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांमध्ये ठेवा. फॉइलमध्ये गुंडाळून किंवा डब्यात दडवून ठेवू नका. लपवलेली वस्तूच जास्त संशय निर्माण करते.
• धातूच्या हातकड्या, साखळ्या, दोर, चाबूक हँडबॅगेत नकोत. चेक-इन बॅगेत ठेवा आणि किल्ल्या त्यांच्यासोबतच ठेवा. दोर कापण्याची बोथट टोकाची कात्रीही चेक-इन बॅगेतच.
• विजेचा झटका देणारी स्टन गनसारखी उपकरणे अजिबात नेऊ नका.
• वंगणाची (ल्युब्रिकंटची) बाटली हवेच्या दाबातील बदलामुळे गळू शकते. झाकण घट्ट लावून वेगळ्या पाऊचमध्ये ठेवा. हँडबॅगेत न्यायची तर १०० मिलिलिटरपर्यंतचीच बाटली चालते.
• 'पॉपर्स' नावाने मिळणारे हुंगण्याचे द्रव ज्वालाग्राही असतात. ते विमानात कुठेही चालत नाहीत.
• धातूची रिंग किंवा इतर साधन अंगावर घालून विमानतळावर जाऊ नका. मेटल डिटेक्टर वाजतो आणि अंगझडती होते.

आपल्याकडे बॅग अनेकदा एकट्याने भरली जात नाही. आई चकलीचा डबा कोंबते, सासूबाई लोणच्याची बरणी ठेवायला पुन्हा बॅग उघडतात. म्हणून खासगी पाऊच शेवटी, स्वतःच्या हाताने ठेवा. एकत्र कुटुंबाच्या प्रवासात स्वतःची वेगळी छोटी बॅग असलेली बरी. मुलांच्या सामानात हे पाऊच कधीही ठेवू नका.

बॅग उघडायला सांगितली तर?

शांत राहा. हसून थट्टेत उत्तर देऊ नका आणि 'बॉम्ब' हा शब्द विनोदातही उच्चारू नका. "ही माझी वैयक्तिक वापराची वस्तू आहे" किंवा "हे वैद्यकीय साधन आहे" एवढे पुरेसे आहे. खोटे सांगू नका. सर्वांसमोर उघडणे अवघड वाटत असेल, तर बाजूला नेऊन तपासण्याची विनंती करा. आपल्याकडे स्त्रियांची अंगझडती महिला कर्मचारीच, आडोशाला घेतात.

उपचाराचे साधन असेल तर पत्र घ्या

रेडिएशननंतर योनिमार्ग आकसू नये म्हणून, किंवा योनीच्या स्नायूंच्या आकडीसाठी, डायलेटर दिले जातात. ते आईस्क्रीमच्या कोनाइतकेही लाजिरवाणे नाहीत. ते फिजिओथेरपीचे साधन आहे. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

• पासपोर्टवर आहे तसेच नाव
• साधनाचे नाव आणि नगांची संख्या
• "उपचारासाठी नियमित वापर आवश्यक" असे वाक्य
• डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक

आजाराचा सगळा तपशील लिहिण्याची गरज नाही. पत्राची एक प्रत साधनासोबत आणि एक हँडबॅगेत ठेवा. गोळ्या नेत असाल, तर त्यांची चिठ्ठीही जवळ ठेवा. एखाद्या देशात डायलेटर नेणे जोखमीचे वाटले, तर उपचार मनाने बंद करू नका. थोड्या दिवसांच्या खंडात काय करायचे, हे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रवासात आरोग्याची काळजी

• सिलिकॉनची, मोटर नसलेली साधने साबणाने धुऊन काही मिनिटे पाण्यात उकळता येतात. मोटर असलेली फक्त सौम्य साबण आणि पाण्याने पुसा. जेलीसारख्या मऊ रबराला सूक्ष्म छिद्रे असतात. ते पूर्ण निर्जंतुक होत नाही, म्हणून त्यावर कंडोम वापरा.
• सिलिकॉनच्या साधनावर पाण्याचा अंश असलेले वंगण वापरा. खोबरेल तेल, व्हॅसलिन यांनी लॅटेक्सचा कंडोम फाटतो.
• एकाचे साधन दुसऱ्याने वापरण्याआधी, तसेच गुदद्वारातून योनीकडे नेण्याआधी, ते धुवा किंवा कंडोम बदला.
• गुदद्वारात फक्त रुंद तळ असलेलेच साधन वापरा.
• लिंगावरची रिंग अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका.
• बांधलेला हात-पाय बधिर, गार किंवा निळसर झाला तर लगेच सोडा. बांधलेल्या माणसाला एकटे सोडू नका. मानेवर दाब कधीही नको. दारू पिऊन हे प्रयोग नकोत.
• मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर चिमटे आणि घट्ट बांधणे टाळा. पेसमेकर असेल तर विद्युत-उत्तेजना देणारी साधने वापरू नका.
• सिल्डेनाफिल घेतल्यावर पॉपर्स हुंगणे किंवा छातीतल्या दुखण्यासाठी दिलेल्या नायट्रेटच्या गोळ्या घेणे जिवावर बेतू शकते. रक्तदाब एकदम कोसळतो.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

• साधन गुदद्वारात अडकले. घरच्या चिमट्याने काढू नका, जुलाबाचे औषध किंवा एनिमा घेऊ नका.
• लिंगाचा ताठरपणा चार तासांहून जास्त टिकला, किंवा रिंग निघत नाही.
• रक्तस्राव थांबत नाही, पोटात तीव्र दुखते किंवा ताप येतो.
• सोडल्यानंतरही हाताची बोटे हलत नाहीत किंवा बधिरपणा जात नाही.
• अनोळखी व्यक्तीशी असुरक्षित संबंध आला किंवा कंडोम फाटला. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

परदेशातल्या डॉक्टरला खरे काय ते सांगा. त्यांनी अशा तक्रारी पाहिलेल्या असतात. लाजेपोटी केलेला उशीर मूळ इजेपेक्षा जास्त नुकसान करतो.

थोडक्यात

जिथे बंदी आहे तिथे नेऊ नका. जिथे चालते तिथे स्वच्छ, बंद आणि पारदर्शक पाऊचमध्ये न्या. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हँडबॅगेत, धातूच्या वस्तू चेक-इनमध्ये, उपचाराच्या साधनासोबत पत्र. आणि शंका असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. दार लावून विचारलेला प्रश्न दाराआडच राहतो.