पेशी जगवणारे हात

डॉ. कमल रणदिवे यांच्या कामाचा हिशेब बहुधा शोधनिबंधांवरून मांडला जातो: उंदरांमधील स्तनकर्करोगाचा संप्रेरकांशी आणि विषाणूंशी असलेला संबंध, कुष्ठरोगाच्या जंतूंवरचे काम, १९८२चे पद्मभूषण. त्यांनी घडवलेली माणसे या हिशेबात शेवटी येतात. ती आधी यायला हवीत, आणि ते कौतुकापोटी नव्हे. खुद्द रणदिवे अशा घडवण्यातूनच उभ्या राहिल्या होत्या. पुण्याच्या शेती महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केले होते. अशा विद्यार्थिनीला कर्करोगाच्या संशोधनात घेतले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा १९४४मध्ये प्रसिद्ध करणारे हे विकृतिशास्त्रज्ञ. वैद्यकाची पदवी नसलेल्या मुलीत त्यांना पेशी ओळखणारी नजर दिसली असावी. १९४९मध्ये तिला मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे ती बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेली. मानवी पेशींचे पहिले अमर वाण, हीला, १९५१मध्ये वाढले ते गाय यांच्याच प्रयोगशाळेत.

तिथून रणदिवे यांनी आणले ते ऊतीसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी जगवण्याचे तंत्र, आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली त्याची पहिली प्रयोगशाळा उभी केली. हे तंत्र नुसते वाचून येत नाही. काचेची भांडी निर्जंतुक ठेवणे, पोषकद्रव्य वेळेवर बदलणे, पेशी आजारल्याची खूण सूक्ष्मदर्शकात वेळीच पकडणे, हे सगळे कुणाशेजारी बसून शिकावे लागते. म्हणून इथे शिकवणे हा संशोधनाचाच भाग होता. शिकलेले हात नसते, तर उंदरांवरचे निष्कर्षही निघाले नसते. यावर कुणी म्हणेल की श्रेय संस्थेचे आहे, खानोलकरांनी उभारलेल्या चौकटीत कुणीही हे केले असते. चौकट मोलाची होती, हे खरेच. पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राची धुरा रणदिवे यांच्याकडे आली, तेव्हा कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग त्यांनी उघडले. चौकट आपोआप रुंदावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९७३मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली, ते समाजकार्य होते, विज्ञान नव्हे, असे म्हणता येईल. मला ही विभागणी मान्य नाही. मोठ्या कष्टाने तयार झालेली संशोधक लग्नानंतर, मूल झाल्यावर घरी बसली, तर प्रयोगशाळेने तिच्यात गुंतवलेली सगळी वर्षे वाया जातात. ही गळती कुठल्याही शोधनिबंधाने थांबत नाही. अशा संशोधक स्त्रीला राहायला जागा आणि मूल ठेवायला सुरक्षित ठिकाण लागते. वाशीत या संघटनेने वसतिगृह आणि पाळणाघर चालवले, ते याच गरजेपोटी.