आपल्या पदवीचे मूळ गाव : बनारस

हॉस्टेल, मेस आणि व्हायवा यांवर या स्मरणिकेत लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून रंगवून लिहितील. मी जरा मागचे लिहितो. आपण सगळे नावापुढे बी.फार्म. लावतो. ही पदवी आपल्या देशात कुठून आली, कोणी आणली, आणि आणताना तिच्यात काय घातले व काय राहून गेले, हे आपल्याला वर्गात फारसे कळले नाही. औषधशास्त्राचा इतिहास म्हणून जे होते ते पहिल्या प्रकरणात, पाच मार्कांपुरते. ते पाठ केले आणि विसरलो.

औषधे बनवायला माणसे शिकवण्याची सोय त्याआधी अगदीच नव्हती असे नाही. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि तिच्याबरोबर औषधे तयार करण्याचे शिक्षणही आले. आजचे पणजीचे फार्मसी कॉलेज त्याच परंपरेतले. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र कंपाउंडर असे. डॉक्टरच्या हाताखाली राहून मिश्रणे ढवळायची, पुड्या बांधायच्या, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी गावच्या दवाखान्यात ती लाल औषधाची बाटली पाहिली असेल. कंपाउंडर हा हुशार, हाताचा स्वच्छ माणूस असे; पण विद्यापीठाने त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या बाजूला कारखाने उभे राहत होते. कलकत्त्याला प्रफुल्लचंद्र रायांचे बेंगाल केमिकल, बडोद्याला १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी काढलेले अलेम्बिक. तरीही बाजारात परदेशी मालाचा पूर होता आणि त्यात भेसळ किती, हे तपासणारा कायदाच नव्हता. मलेरियाच्या देशात क्विनाइन नकली निघू लागले, तेव्हा ओरड झाली. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात तिने औषधांसाठी कायदा हवा असे म्हटले, आणि औषध हाताळणारा माणूस शिकलेला हवा असेही म्हटले. अहवाल सरकारी रिवाजाप्रमाणे पडून राहिला. कायदा व्हायला १९४० उजाडले.

शिक्षणाचे काम मात्र सरकारसाठी थांबले नाही. ते बनारस हिंदू विद्यापीठात सुरू झाले, १९३२ साली. सुरू करणारे प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ. आडनावावरून गुजराती वाटतात, पण माणूस बिहारमधल्या दरभंग्याचा, जन्म ६ मार्च १९०२. शिक्षण अमेरिकेत, कॉर्नेल आणि एमआयटी इथे, विषय रसायनशास्त्र. म्हणजे भारतीय फार्मसी शिक्षणाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते स्वतः फार्मासिस्ट नव्हते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मालवीयजींच्या या विद्यापीठाला धंदेशिक्षणाचे वावडे नव्हते. औद्योगिक रसायन तिथे आधीच शिकवले जात होते, आयुर्वेदही होता. श्रॉफांनी एकदम नवी पदवी मागितली नाही. आधी बी.एस्सी.च्या वर्गात औषधी रसायन हा विषय बसवला. हे शहाणपणाचे होते. कारण फार्मसीची वेगळी पदवी म्हटली असती तर ‘कंपाउंडरला पदवी कशाला?’ असा प्रश्न त्या काळी कोणीही विचारला असता. विषय रुजल्यावर १९३७ मध्ये तीन वर्षांचा बी.फार्म. सुरू झाला, देशातला पहिला. १९४० मध्ये एम.फार्म.ची पहिली पदवीही तिथूनच मिळाली. पाच वर्षांत विषयापासून पदवीपर्यंत आणि पुढच्या तीन वर्षांत संशोधनापर्यंत. आपल्याकडे एक नवा ऐच्छिक विषय मंजूर व्हायला किती बैठका लागतात, हे इथले आजी-माजी प्राध्यापक जाणतात!

श्रॉफांना सूक्ष्मदर्शकाची चांगली जाण होती आणि त्या काळात ते भेसळीविरुद्धचे स्वस्त हत्यार होते. सोनामुखीची पूड क्लोरल हायड्रेटमध्ये उकळायची आणि स्लाइडवर पर्णरंध्रे शोधायची, कुचल्याच्या पुडीत फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून लाल झालेले केस पाहायचे, आयोडीनने स्टार्चचे कण निळे करायचे. आपल्याला ती जर्नल भरण्याची शिक्षा वाटायची. ज्या पिढीसाठी हा विषय इथे आला, तिच्यापुढे बाजारातून आणलेली खरी-खोटी पुडी होती.

पदवी दिली तरी धंद्याला घर नव्हते. १९३५ साली श्रॉफांनी संयुक्त प्रांतापुरती एक संघटना काढली. तिचीच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन झाली. १९३९ मध्ये त्यांनी इंडियन जर्नल ऑफ फार्मसी हे नियतकालिक सुरू केले. संशोधन छापायला आपली स्वतःची जागा हवी, हे त्यांना एम.फार्म.चा पहिला विद्यार्थी बाहेर पडण्याआधीच उमगले होते. याच संघटनेच्या महाराष्ट्र शाखेने १९५७ साली बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढले. कलिन्याच्या त्या इमारतीत आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी परिषदेला गेलेले आहेत. तिची एक मुळी बनारसपर्यंत जाते.

पुढचे भरभर सांगतो, ते सर्वांना ठाऊक आहे. लाहोरला १९४४, अहमदाबादला (तेव्हाच्या मुंबई प्रांतात) एल. एम. कॉलेज १९४७, १९४८ चा फार्मसी कायदा, त्यानंतर कौन्सिल, १९५३ चे पहिले शिक्षण विनियम.

आता ती राहिलेली गोष्ट. रसायनशास्त्रज्ञाने रचलेला अभ्यासक्रम रसायनशास्त्राकडे झुकणारच. बनारसची पदवी कारखान्यासाठी आणि प्रयोगशाळेसाठी माणूस घडवत होती, आणि त्या काळी ते बरोबरच होते. औषधच खरे मिळत नसेल तर रुग्णाला समजावून सांगणार काय? पण तोच साचा सगळ्या देशाने घेतला आणि काळ बदलला तरी पुष्कळ वर्षे तसाच ठेवला. परिणाम आपल्या बॅचकडे पाहा. प्रॉडक्शन, क्वालिटी कंट्रोल, रेग्युलेटरी, मार्केटिंग, काही अध्यापनात, काही परदेशात. दुकानाच्या काउंटरमागे उभे राहिलेले किती? हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांनाही आपण कॉलेजात असताना ‘शेवटी दुकानच टाकणार’ म्हणून चिडवले. कलम ४२ सांगते की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. पण पदवीधराला त्या जागेचा मान वाटावा असे काही आपण शिकलो नाही. माझ्या मते हा श्रॉफांचा दोष नाही. त्यांनी अर्धे काम केले, उरलेले अर्धे त्यांच्या मागून आलेल्यांचे होते. रुग्णाजवळ नेणारा फार्म.डी. अभ्यासक्रम आला २००८ साली, म्हणजे पहिल्या बी.फार्म.नंतर एकाहत्तर वर्षांनी.

बनारसचा विभाग आज आयआयटीचा भाग आहे आणि त्याच्या नावात औषधाच्या जोडीला अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान आहे. श्रॉफ स्वतः चाळीसच्या दशकात तिथून बाहेर पडले; उद्योगात गेले, मग पिलानी, सागर, जादवपूर असे शिकवत राहिले. २५ ऑगस्ट १९७१ ला ते वारले. त्यांचा जन्मदिवस, ६ मार्च, आता देशभर फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळतात. पुढचा मेळावा त्या सुमारास ठेवता आला तर बघा. मार्चमध्ये परीक्षा नसलेले आता आपणच आहोत.