ठोक्यांची शर्यत आणि प्रोसेसरचें मोल

ज्या वस्तूचें अंतरंग गिऱ्हाइकाला दिसत नाहीं, तिची पारख तो एखाद्या आंकड्यावरून करूं लागतो. कापडाचा पोत बोटांना कळतो, तांदळाचा जुनेपणा वासावरून समजतो. परंतु नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेल्या कोट्यवधि ट्रान्झिस्टरांची परीक्षा कोणतें इंद्रिय करणार? टेबलावरील संगणकाचा मेंदु जो प्रोसेसर, त्याच्या बाबतींत असा आंकडा अनेक वर्षें एकच होता, तो म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांचा. सन २००० ते २००६ या काळांत या आंकड्याचें राज्य कळसाला पोंचलें आणि कोसळलें. उंची प्रोसेसर घेतांना काम व किंमत यांचा तोल कसा पाहावा, हें त्या इतिहासावरून चांगलें समजतें.

प्रोसेसर आपलें काम ठोक्यांच्या तालावर करतो. सेकंदाला शंभर कोटि ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. परंतु ठोका म्हणजे काम नव्हे. बापाचें बोट धरून चालणारें मूल बापापेक्षां पुष्कळ अधिक पावलें टाकतें. तेवढ्यावरून तें अधिक वाट चाललें असें कोणी म्हणत नाहीं. प्रोसेसरचें खरें काम दोन गोष्टींच्या गुणाकारानें ठरतें: सेकंदाला पडणारे ठोके आणि ठोक्यागणिक पुऱ्या होणाऱ्या आज्ञा. जाहिरातींत पहिली संख्या ठळक अक्षरांत छापली जाई. दुसरी सहसा कोठें आढळत नसे.

अमेरिकेंतील इंटेल व ए. एम्. डी. या दोन कंपन्यांची चढाओढ याच पहिल्या संख्येवर चालली होती. ६ मार्च २००० रोजीं ए. एम्. डी. नें एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनीं इंटेलनें त्याच गतीचा पेंटियम-३ पुढें केला. घाऊक भावानें पहिल्याची किंमत १२९९ डॉलर व दुसऱ्याची ९९० डॉलर होती. पुढें घाई नडली. ३१ जुलै रोजीं इंटेलनें १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणला. स्वतंत्र परीक्षकांनीं त्यावर लिनक्सचा गाभा संकलित करण्याचें जड काम घालून पाहिलें, तों तो मध्येंच कोलमडूं लागला. ऑगस्टच्या अखेरीस इंटेलला तो माल परत घ्यावा लागला. आंकडा मिळाला होता. भरंवसा राहिला नव्हता.

२० नोव्हेंबर २००० रोजीं पेंटियम-४ आला. पेंटियम-३ मध्यें आज्ञा पुरी होण्यास सुमारें दहा टप्पे लागत. येथें ते वीस झाले. यांतील मर्म लग्नघरच्या स्वयंपाकांत दिसतें. एक उंडे करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते. काम जितक्या जणींत वांटावें तितका एकेकीचा वांटा लहान होतो आणि ताल वाढवितां येतो. परंतु ऐन वेळीं ‘साध्या पोळ्या नकोत, पुरणाच्या हव्यात’ असा निरोप आला, तर रांगेंतील सारें काम वायां जातें. रांग जितकी लांब, तितकी नासाडी अधिक. संगणकाच्या आज्ञावलींतहि ‘असें असल्यास हें, नसल्यास तें’ असे फांटे पदोपदीं येतात. कोणता फांटा लागेल याचा प्रोसेसर आधींच अंदाज बांधतो. तो चुकला कीं रांग रिकामी करून नव्यानें आरंभ करावा लागतो.

परिणाम असा झाला कीं ८१९ डॉलरांचा, दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ अनेक कसोट्यांत १.२ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉनच्या मागें पडला. कांहीं कसोट्यांत तर एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम-३ नेंहि त्याला गांठलें. चलच्चित्रांचें रूपांतर व कांहीं खेळ यांत मात्र तो सरस ठरला, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. शिवाय प्रारंभीं त्याच्यासोबत रॅम्बस जातीची महाग मेमरी घेणें भाग होतें. प्रोसेसरची किंमत म्हणजे संगणकाची किंमत नव्हे, हा धडा कित्येकांना तेव्हांच मिळाला.

ऑक्टोबर २००१ मध्यें ए. एम्. डी. नें ॲथलॉन एक्सपी आणला. त्यांतील एकाचें नांव ‘१८००+’ असें होतें, पण त्याचे ठोके होते १५३३ मेगाहर्ट्झ. हा आंकडा आपल्याच जुन्या ॲथलॉनशीं तुलना करून दिला आहे, असें कंपनी सांगे. गिऱ्हाईक मात्र तो पेंटियम-४ च्या ठोक्यांशीं ताडून पाही. एका आंकड्याचें राज्य हटविण्यासाठीं दुसरा आंकडा काढावा लागला!

इंटेलनें रांग आणखी लांबविली. फेब्रुवारी २००४ मधील प्रेस्कॉट जातीच्या पेंटियम-४ मध्यें ३१ टप्पे होते. पण आतां उष्णता आड आली. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर देण्याचें वचन कंपनीनें ऑक्टोबर २००४ मध्यें मागें घेतलें, आणि मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनीं भर सभेंत गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. नोव्हेंबरमध्यें ३.८ गिगाहर्ट्झवर ही चढण संपली. तेथें उष्णतेचा हिशेब ११५ वॅटांवर गेला होता.

उत्तर इंटेलच्याच घरांतून आलें. इस्रायलमधील हैफा येथील अभियंत्यांनीं मांडीवरच्या संगणकांसाठीं काटकसरीचा पेंटियम-एम् घडविला होता. तो २००३ मध्यें बाजारांत आला. त्याच विचाराची वाढ होऊन २७ जुलै २००६ रोजीं कोअर-२ ड्युओ आला. त्यांत टप्पे १४ आणि एका ठोक्यांत चार आज्ञांपर्यंत हातीं घेण्याची शक्ति. ३१६ डॉलरांच्या ई-६६०० या प्रोसेसरचे ठोके २.४ गिगाहर्ट्झ व उष्णतेची मर्यादा ६५ वॅट होती. त्याच वर्षींचा पेंटियम एक्स्ट्रीम एडिशन ९६५ हा ३.७३ गिगाहर्ट्झचा, १३० वॅटांचा व ९९९ डॉलरांचा. असें असूनहि बहुतेक कसोट्यांत स्वस्त, थंड व सावकाश ठोक्यांचा ई-६६०० पुढें गेला.

याच मालिकेंतील सर्वांत उंची प्रोसेसर एक्स-६८०० हा होता. त्याचे ठोके २.९३ गिगाहर्ट्झ, म्हणजे ई-६६०० हून सुमारें २२ टक्के अधिक. किंमत मात्र ९९९ डॉलर, म्हणजे तिपटीहून अधिक. ठोक्यांचा गुणक वाढविण्याची मोकळीक त्यांत होती, ती हौशी मंडळींच्या कामाची. ज्याच्या धंद्यांत तासांमागें पैसा मोजला जातो, त्याला ते २२ टक्के परवडत असतील; पत्र लिहिणाऱ्याला व हिशेब मांडणाऱ्याला शेवटच्या पायरीचें मोल सहसा वसूल होत नसे.

त्या शर्यतींतील प्रोसेसर आतां अडगळींत पडले आहेत, पण त्यांनीं घालून दिलेली रीत जुनी झालेली नाहीं. आपलें नित्याचें काम कोणतें, तें किती वेळांत पुरें होतें, त्यासाठीं वीज किती लागते आणि सोबतच्या साहित्यासह एकूण खर्च किती येतो, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून डब्यावरचा आंकडा वाचणें म्हणजे घोड्याच्या टापा मोजून मजल ठरविण्यासारखें आहे.