नळ, आटे आणि वळण : संगणकातील पाण्याची पूर्वपीठिका

'नळ' या शब्दाचे कूळ शोधू गेल्यास आपण बोरूच्या जातीच्या एका पोकळ गवतापाशी जाऊन पोचतो. संस्कृतातील 'नल' किंवा 'नड' म्हणजे आतून पोकळ असलेली वनस्पती; नळी आणि नळकांडे ही तिचीच गणगोते. त्याच नावाचा राजा महाभारताच्या वनपर्वात भेटतो आणि रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे तो मराठी वाचकाच्या घरचा झालेला आहे. स्वयंवरानंतर देवांनी नळाला जे वर दिले, त्यांत अग्नीचा आणि वरुणाचाही वर होता : म्हणेल तेथे अग्नी आणि म्हणेल तेथे पाणी. बाहुकाच्या रूपात त्याने केलेल्या स्वयंपाकाचे रहस्य हेच. आग आणि पाणी एकाच माणसाच्या आज्ञेत असणे ही आपल्या पूर्वजांना वर मागण्याइतकी अवघड गोष्ट वाटली होती.

या कथेची आठवण आम्हाला झाली ती एका आधुनिक निमित्ताने. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आमच्या उपनगरांत स्वतःचा संगणक स्वतः जुळवणारे तरुण आता पंख्यांवर समाधान मानत नाहीत. काचेच्या पेटीत, पारदर्शक आणि ताठ नळ्यांमधून पाणी खेळवून ते प्रक्रियकाची उष्णता बाहेर नेतात. या नळ्यांची आखणी हा वरवर पाहता छंदाचा विषय. पण त्याच्या तळाशी या शहराचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. तो उलगडण्याचा हा एक प्रयत्न.

प्रथम संगणकाची बाजू पाहू. संगणकाची मूळ व्याधी उष्णता ही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कार्यान्वित झाला, तो निर्वात नळ्यांचा होता. म्हणजे तेथेही नळ्या होत्याच, पण त्या तापणाऱ्या. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे संगणक म्हणजे वातानुकूलित खोली हेच समीकरण होते. कचेरीत माणसे घामाघूम होत आणि यंत्र मात्र गारव्यात बसे. त्याच्या खोलीत शिरताना देवघरासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत. यंत्राच्या अंगाशी प्रत्यक्ष पाणी नेण्याचा मार्ग मोठ्या यंत्रांनी आधीच पत्करला होता. आयबीएमचे १९६० च्या दशकातील 'सिस्टिम/३६० मॉडेल ९१' पाण्याने थंड होई. १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या नव्या जातीच्या चिप्स आल्या आणि पाण्याची गरज सरली असे वाटले. ते फार काळ टिकले नाही. चिप्स पुन्हा तापू लागल्या, आणि २००४ मध्ये अ‍ॅपलने आपल्या 'पॉवर मॅक जी ५' या टेबलावरील यंत्राच्या एका प्रकारात द्रवाने थंड करण्याची योजना आणली. त्यातील काही यंत्रे पुढे गळली, हेही येथे नोंदवले पाहिजे; कारण नळाचा इतिहास हा बहुतांशी गळतीचा इतिहास आहे.

आता शहराची बाजू. १८५४ च्या अवर्षणाने मुंबईची तळी आणि विहिरी आटल्या, आणि त्यानंतर हेन्री कोनीबेअर यांच्या योजनेनुसार विहारचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले. तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. ओतीव लोखंडाचे नळ त्या काळी एकात एक बसवून त्यांच्या सांध्यात वितळलेले शिसे ओतीत. 'प्लंबर' हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे. विहार आणि तुळशी ही दोन्ही तळी साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या पोटात आहेत; पण त्यांचे पाणी बांधले गेले ते दक्षिणेकडील शहरासाठी. तानशाचे नळही मुलुंड, भांडुप, घाटकोपर ओलांडत तिकडेच गेले. ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत. आपल्या अंगणातून दुसऱ्याचे पाणी जाताना पाहणे हा उपनगरांचा जुना अनुभव आहे. १९५७ मध्येच वैतरणेवरील ते धरण पुरे झाले, ज्याला न. वि. मोडक या मराठी अभियंत्याच्या नावावरून आपण मोडकसागर म्हणतो.

या दोन इतिहासांना जोडणारा दुवा हाताच्या बोटावर मावेल एवढा आहे. तो म्हणजे आटे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील स्क्रूंचे आटे एका मापाचे असावेत अशी मांडणी केली : त्यांचा कोन ५५ अंशांचा. त्याच घराण्यातून ब्रिटिश नळाचे आटे आले, आणि साम्राज्याबरोबर ते मुंबईच्या न्हाणीघरापर्यंत पोचले. आपल्या घरातील अर्ध्या इंची तोटीवर तेच आटे आहेत. आणि जगभर संगणकाच्या जलशीतनासाठी जे जोड विकले जातात, त्यांवरील 'जी १/४' हे चिन्ह त्याच मालिकेतील धाकट्या मापाचे आहे : बाहेरून सुमारे १३.१६ मिलिमीटर, एका इंचात १९ आटे. गंमत अशी की, यात पाव इंच कोठेच मोजता येत नाही. ते जुन्या लोखंडी नळाच्या आतील पोकळीचे नाममात्र माप आहे. नळ गेला, नाव राहिले. भाषेच्या अभ्यासकाला अशा अवशिष्ट रूपांची सवय असते.

घराणे एक असले तरी स्वभाव निराळे. घरच्या जी. आय. पाइपाचे आटे निमुळते असतात. ताग आणि सफेदा, किंवा अलीकडे टेफ्लॉनची फीत गुंडाळून पान्याने आवळले की आटेच पाणी अडवतात. संगणकातील जोडाचे आटे समांतर असतात. ते केवळ धरून ठेवतात. पाणी अडवते ती रबराची लहानशी कडी. म्हणून येथे फीत गुंडाळणे व्यर्थ आणि पाना चालवणे घातक : अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा तडकतो. हाताने आवळले तेवढे पुरे. नळीचे टोक कापल्यावर त्याची धार काढून ते किंचित गोलसर करावे लागते, तेही याच कडीसाठी. अन्यथा नळी आत सरकवताना ती कडी कापली जाते आणि गळती आठवड्याने लक्षात येते.

आखणीचे मर्म मात्र वळणात आहे. पेट्जी नावाचे प्लास्टिक साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडते, अ‍ॅक्रिलिक त्याहून अधिक तापमानाला. आत सिलिकॉनची दोरी घालून, गरम हवेने नळी सावकाश फिरवत तापवली तर ती न चेपता वळते. जेथे दोन वळणे जवळजवळ येतात तेथे वळवण्याचा हट्ट सोडून एल्बो बसवावा. पाणीसाठ्याची टाकी पंपाच्या लगेच आधी आणि वर असली पाहिजे, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही. बाकी घटकांचा क्रम कोणता, यावर नवखे फार वाद घालतात. हिशेब सोपा आहे : मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि ४०० वॉट उष्णता त्यात पडत असेल, तर पाण्याचे तापमान एका फेरीत जेमतेम दीड अंशाने वाढते. म्हणून क्रम असा निवडावा की नळ्या आखूड आणि सरळ जातील. सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची तोटी ठेवण्यास विसरू नये. प्रथम पाणी भरल्यावर बाकी यंत्राला वीज न देता केवळ पंप चालवावा, सांध्यांखाली कागद अंथरावा आणि काही तास वाट पाहावी.

वाट पाहण्याचे आणखी एक कारण म्हणजे हवा. नळीत अडकलेला बुडबुडा प्रवाह अडवतो. त्याला वर निसटायला वाट हवी. हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) भाजलेल्या मातीच्या नळांतून नहर आणली, तेव्हा वाटेत उंच मनोरे उभारले गेले. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले, त्या मार्गावरही उच्छ्वास आहेत. 'उच्छ्वास' हा शब्द आम्हाला फार सुंदर वाटतो. बंद नळालाही श्वास सोडावा लागतो हे त्यात आले. संगणकातील टाकीचे वरचे झाकण हा त्याच उच्छ्वासाचा वंशज.

मुंबईची हवाही या आखणीत आपला वाटा मागते. अशी योजना पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात खोलीत ३४ अंश असतील तर पाणी त्याहून उष्णच राहणार. म्हणून उष्णता बाहेर टाकणारी जाळी मोठी घ्यावी. बर्फाने किंवा शीतक यंत्राने पाणी आणखी गार करण्याचा मोह पावसाळ्यात तरी टाळावा, कारण नळीवर बाहेरून दव धरते आणि न गळताच यंत्र भिजते. आणि तोटीचे पाणी वापरू नये. क्षार आणि शेवाळ यांच्यामुळे ऊर्ध्वपातित पाणी व जंतुरोधकच योग्य. तांब्याच्या ठोकळ्यांबरोबर अ‍ॅल्युमिनियमची जाळी लावली तर एक धातू दुसऱ्याला खातो.

एकदा भरलेले लिटर-दीड लिटर पाणी येथे महिनोन् महिने फिरत राहते. मुंबई आणि नवी मुंबईत उभ्या राहिलेल्या विशाल माहिती-केंद्रांचे असे नाही. जेथे जेथे बाष्पीभवनावर गारवा मिळवला जातो, तेथे पाणी खर्ची पडते. आपले संगणन कोणाच्या वाट्याच्या पाण्याने थंड होणार, हा प्रश्न उपनगरांनी विचारला तर तो त्यांना शोभेल. ती एकदा या अनुभवातून गेलेली आहेत.

नळाला शहराने नेहमी भिंतीत, जमिनीखाली, मोरीच्या कोपऱ्यात दडवले, आणि नळ जोडणाऱ्या माणसालाही. आटे पाडणारा फिटर, पाणी सोडणारा चावीवाला, सांध्यावर सफेदा फासणारा प्लंबर यांच्या शब्दांना आमच्या अभ्यासक्रमांत जागा नाही आणि त्यांच्या हातातील ज्ञानाला पदवी नाही. आज त्याच जोडकामाला काचेच्या पेटीत, दिव्यांच्या रोषणाईत मानाचे स्थान मिळाले आहे. ज्याने स्वतःच्या हाताने एक नळी वळवून पाहिली आणि दोनदा वाया घालवली, त्या तरुणाला घरी वायसर बदलायला आलेल्या माणसाच्या कौशल्याचे मोल कळत असेल, तर या छंदाने एक मोठे काम केले असे आम्ही म्हणू. नळराजाला मिळालेला वर फिटरला कोणी दिला नव्हता. त्याने तो पिढ्यानपिढ्या हाताने मिळवला.