शाळेला न जाणारी मुले आणि मुलांकडे गेलेली शाळा



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी आपल्या दुपारच्या बैठकीत वारंवार निघणारा विषय घेतला. “काय करावे, पोरगा शाळेत पाऊल टाकायला तयार नाही,” “मुलगी सकाळ झाली की पोट दुखते म्हणते,” ही वाक्ये आपण साऱ्याजणींनी ऐकली आहेत. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुढे उघडल्या, तेव्हापासून तर ती अधिकच ऐकू येऊ लागली. पुष्कळांना वाटते की हे आजच्या मुलांचे खूळ आहे. पण शाळेला न जाणारे मूल शाळेइतकेच जुने आहे. त्याला शाळेत आणण्यासाठी आपल्याकडे मागे कोणी काय काय केले, ते थोडक्यात सांगावे म्हणते.

पूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. कोणाच्या पडवीत, कोठे देवळात ती मुले बसत. एखादा पोर आला नाही की पंतोजी चार दांडगे विद्यार्थी त्याच्या घरी पाठवीत. ते त्याचे हातपाय धरून, उचलून त्याला शाळेत आणून टाकीत. ‘उचलबांगडी’ हा शब्द आपण आज कोणाची बदली झाली की सहज वापरतो, पण एके काळी ती अशा पोरांची होत असे. मग छडी, अंगठे धरणे हे ठरलेलेच. “आम्ही मार खाल्ला म्हणून तर शिकलो,” असे वडील मंडळी अभिमानाने सांगतात. त्यांचा मान राखून मला एवढेच म्हणावयाचे आहे, की मार खाऊन जे शिकले तेच आज सांगावयास पुढे येतात. मार खाऊन ज्यांनी शाळा कायमची सोडली, ते कोठे काय सांगतात?

पुढे कायद्याचा काळ आला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात ते लागू केले. नामदार गोखल्यांनी १९११ साली सबंध देशासाठी तसे विधेयक मांडले, परंतु त्या वेळच्या सरकारपुढे ते टिकले नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवला. या थोर पुरुषांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. सक्ती नसती तर पुष्कळ बापांनी मुलींना उंबऱ्याबाहेर काढले नसते. पण कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो, तेथून पुढे त्याचा हात पोहोचत नाही. दंड बापाला बसतो. मुलाच्या मनात काय आहे, हे दंडाला विचारता येत नाही.

ते विचारणारी माणसे नंतर आली. त्यांतले पहिले नाव गुजरातेतील गिजुभाई बधेका यांचे. हे मूळचे वकील. वकिली सोडून ते १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. मुलांवर त्यांची इतकी माया की लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणत. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक १९३२ साली निघाले. त्यातला मास्तर वर्गात पुस्तक उघडण्याआधी गोष्टी सांगतो, खेळ घेतो, आणि दंगा करणारी तीच मुले हळूहळू त्याच्याभोवती जमू लागतात. मुलाला शाळा नकोशी वाटत असेल तर आधी शाळेकडे पाहावे, असे गिजुभाईंचे म्हणणे होते.

याच भावनगरात मुंबईच्या ताराबाई मोडक येऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी बाईमाणसाने पदवी घेणे म्हणजे केवढी गोष्ट! १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालविले. पण शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांपाशी त्यांचे मन थांबेना. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंची कहाणी ऐकली म्हणजे डोळे पाणावतात. लहानपणी लग्न झाले आणि वयाच्या तेराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीला कोपऱ्यात बसवीत, पण या बाई शिकल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी खेड्यात जाऊन राहिल्या.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात मुले गोळा करावयाची, हातपाय धुवावयाचे, वेणीफणी करावयाची, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून तिचे नाव अंगणवाडी. आज आपण ज्या अंगणवाडीत नातवंडांना धाडतो, तिचे नाव कोणत्या सरकारी कचेरीत घडलेले नाही, ते या अंगणातले आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हा शब्द देशभर गेला.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. १९५७ साली या दोघी बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. डहाणू तालुक्यातला हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. आसपास सारे वारल्यांचे पाडे. हे लोक पिढ्यान्पिढ्या सावकार-जमीनदारांच्या वेठीखाली भरडलेले. लग्नाकरिता घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही राबत राहावे, अशी ‘लग्नगडी’ची रीत होती. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी या जुलमाविरुद्ध उठाव केला, तो याच मुलखात. अशा लोकांनी पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला पाहून पोरे आत लपविली तर नवल ते काय!

शिवाय मुले रिकामी कोठे होती? मुलगे गुरांमागे रानात जात, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत, लाकूडफाटा आणीत. शाळेची घंटा आणि घरची कामे यांची वेळ एकच. ‘या पोरांना शिकण्याची गोडीच नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. या बायकांनी तो मारला नाही. मुलगी भावंडामुळे येत नाही ना, मग भावंडालाही घेऊन ये म्हणाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात बसविली. तिला त्यांनी विकासवाडी म्हटले. मुलगा गुरांमुळे येत नाही ना, मग शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत आहेत, झाडाखाली पोरे बसली आहेत आणि खडे, बिया, पाने मांडून मोजणी चालली आहे, ही ती ‘कुरणशाळा’. दिवसभर ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग काढले. महागड्या साहित्याच्या जागी शंखशिंपले आणि चिंचोके आले. कुरणशाळेने वारल्यांची गरिबी गेली नाही, हेही खरे आहे. पण मुलाच्या नकाराला कारण असते, ते शोधता येते आणि बदलता येते, एवढे तिने दाखवून दिले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी काम चालविले. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांनीही देह ठेवला.

हा इतिहास मला इतका जवळचा का वाटतो, ते सांगते. माझ्या गावी शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी दोन गावे ओलांडून जावे लागे. मी थोडे दिवस गेले आणि मग “मला नाही शिकायचे” म्हणून बसले. घरात सर्वांनी मानले की हिला अभ्यास नको झाला. त्या शाळेत मुलींसाठी आडोशाची सोय नव्हती आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिता राहावे लागे. हे तेरा वर्षांची मुलगी वडिलांसमोर कसे बोलणार? आईला सांगितले असते, पण आईने विचारले ते असे, “जाणार की नाही?” “का नाही?” असे कोणी विचारले नाही. त्या दोन प्रश्नांत किती अंतर आहे, हे मला कोसबाडविषयी वाचताना पुरते कळले.

आता आपल्या आळीकडे वळू. आपल्या मुलांना गुरे राखावयाची नसतात. म्हणून त्यांचे कारण डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. कोणाला गणित मागे राहिल्याची लाज वाटते, कोणाला वर्गातली पोरे चिडवितात, कोणाला घरी आजारी आईला एकटे टाकवत नाही, तर कोणाचे मनच आजारी असते. सकाळचे पोटदुखणे दर वेळी ढोंग असते असे नाही, भीतीनेही पोट खरोखर दुखते. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. मूल जितके दिवस घरी राहील तितके परतणे अवघड होते, म्हणून ‘आपोआप जाईल’ म्हणत महिने घालवू नयेत. एकदम पूर्ण दिवस जमत नसेल तर शिक्षकांशी बोलून दोन तासांपासून सुरुवात करावी.

कायदाही आज आपल्या बाजूचा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाची शाळा मध्येच सुटली असली तरी त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा त्याला हक्क आहे, आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवणीचाही. मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना या कायद्याने बंदी केली आहे. म्हणजे पंतोजींची उचलबांगडी कायद्यानेही संपली. घरातली मात्र आपल्यालाच संपवावयाची आहे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या आळीत आज शाळा सोडून घरी बसलेली किती मुले आहेत, हे आपल्याला घरोघरच्या हळदीकुंकवाइतके ठाऊक असते, पण आपण ते फक्त कुजबुजतो. कुजबुज सोडून दोघीदोघींनी त्या घरी जावे. उपदेश करू नये, मुलाशी चार गोष्टी बोलाव्यात, आईचे ऐकून घ्यावे. मंडळाची खोली दुपारी रिकामी असते. ती अशा मुलांना बसावयास, वाचावयास, मागचा अभ्यास करावयास द्यावी. आपल्यांत दोघी-तिघी शिक्षिका आहेत, त्या नाही म्हणणार नाहीत. ज्यांना शिकविता येत नाही त्यांनी चहा ठेवावा, धाकटी भावंडे सांभाळावीत. माझे नाव या दुसऱ्या यादीत पहिले घालावे, ही चिटणीसबाईंना विनंती.