विषाद (आयुर्वेद)

मन खचण्याच्या अवस्थेसाठी आयुर्वेदीय ग्रंथांतील संज्ञा. मानसोपचारातील ‘नैराश्य’ या आजाराशी तिची सांगड घातली जाते ती अलीकडच्या लेखनात. बृहत्त्रयीत (चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांत) विषादाचे स्वतंत्र प्रकरण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ८० विकार मोजले आहेत, त्यांत विषाद येतो (अध्याय २०). पुढे रोग वाढवणाऱ्या गोष्टींत त्यालाच अग्रस्थान दिले आहे (अध्याय २५).

लक्षणे : ही उन्मादाच्या (वेडाच्या) प्रकरणात शोधावी लागतात. एका जागी बसून राहणे, अबोलपणा, अन्नावरची वासना उडणे, एकांताची ओढ, स्वच्छतेचा कंटाळा, सतत झोप हे चरकाचे वर्णन आजच्या रुग्णाला सहज लागू पडते. पण ते कफज उन्मादाचे आहे. त्यामुळे मूळ दोष वात की कफ, याबद्दल एकमत नाही. सुश्रुताने मानसिक दुःखातून होणारा उन्माद वेगळा मोजला आहे.

चिकित्सा : दैवव्यपाश्रय (मंत्र, पूजा इ.), युक्तिव्यपाश्रय (औषध व आहार) व सत्त्वावजय असे चरकाचे तीन मार्ग. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. त्याची तपशीलवार कृती मात्र संहितेत मिळत नाही. औषधांत कल्याणक घृत, सारस्वतारिष्ट, ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा. उपक्रमांत नस्य (नाकात औषध घालणे) व शिरोधारा (कपाळावर धार धरणे). आधुनिक चाचण्या बहुतेक लहान आहेत. तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे तातडीने जाणे आवश्यक. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

सर्पगंधा : उन्मादावरची ही मुळी. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. ते घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी पुढे झाल्या. रिसर्पिनने मेंदूतील सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन यांचा साठा घटतो. नैराश्याच्या रासायनिक उपपत्तीला यातूनही चालना मिळाली. त्या नोंदींच्या भक्कमपणाबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या. विषादावर सर्पगंधा वापरू नये, हे सांगायलाच हवे.

पथ्य : स्निग्ध, उष्ण, ताजे अन्न.

कायदा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत ‘मनोविज्ञान व मानसरोग’ या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांचा समावेश आहे.