बाराशे कॅलरींचे गणित आणि शरीराचा हिशेब

वजन कमी करण्याचा निश्चय झाला की हल्ली सर्वप्रथम हाती येते ती एक संख्या. मोबाइलमधील अ‍ॅप वय, उंची आणि वजन विचारते आणि ‘दिवसाला १२०० कॅलरी’ असे लक्ष्य देऊन मोकळे होते. ही संख्या कोठून आली, ती कोणाला लागू आहे आणि ती गाठताना शरीरात काय घडते, हे प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतात. अशा लक्ष्याचा पहिला आठवडा उत्साहात जातो, तिसऱ्या आठवड्यापासून चिडचिड सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वजनाचा काटा हलेनासा झाला की सारा दोष मनोनिग्रहाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग शरीराच्या स्वाभाविक प्रतिक्रियेचा असतो.

एक किलो पाण्याचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. व्यवहारात आपण तिलाच कॅलरी म्हणतो. बाराशेचा आकडा शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला. मराठी वाचकाची कॅलरीशी ओळख झाली ती मात्र उलट्या दिशेने. पुण्यातील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी हा निकष धरला. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती गटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरींचे प्रमाण मानले. पोट भरते की नाही हे ठरवणारे ते माप आज पोट कमी करण्यासाठी वापरले जाते. मध्य प्रदेशात तर दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, तेथील सुमारे पाव महिला अपुऱ्या वजनाच्या आढळल्या आणि साधारण सहांपैकी एक महिला अतिवजनाची. गोव्यात अतिवजनाच्या महिलांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे.

गरज किती, कपात किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला २११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला १६६० कॅलरी लागतात. ‘दिवसाला दोन हजार’ हा सरसकट हिशेब त्यामुळे अनेक गृहिणींच्या बाबतीत मुळातच चुकतो. बैठे काम करणाऱ्या स्त्रीने बाराशेचे लक्ष्य ठेवले तर तिची तूट साधारण साडेचारशेची होते. तिच्या पतीने तेच लक्ष्य घेतले तर ती नऊशेपर्यंत जाते. एकाच घरात, एकाच आकड्यावर, एकाला जेमतेम निभते आणि दुसऱ्याला भोवळ येते ती यामुळे.

याच संस्थेच्या मे २०२४ मधील आहार मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि वजन घटवण्याचा आहार दिवसाला एक हजार कॅलरींच्या खाली नसावा असे म्हटले आहे. अ‍ॅपने दिलेला आकडा पाहण्यापूर्वी ही दोन वाक्ये वाचलेली बरी.

ताटातील हिशेब

कपात नेमकी कोठे करायची हे ताट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी भोपाळमधील मराठी घर हे चांगले उदाहरण ठरावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि त्याची राजधानी भोपाळला झाली, तेव्हा जुन्या प्रांताच्या राजधानीतून, नागपुरातून, अनेक मराठी कर्मचारी कुटुंबे तेथे गेली. कचेरीतील बैठी नोकरी त्यांच्याबरोबर गेली, वरण-भात-तूपही गेले आणि त्यात तेथील सकाळची भर पडली. पोहे महाराष्ट्रातही आहेतच. भोपाळ-इंदूरकडे मात्र त्यांवर शेव पडते आणि सोबत जिलेबी असते.

ही न्याहारी मोजून पाहावी. पन्नास ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे सुमारे १७५ कॅलरी. दोन चहाचे चमचे तेल म्हणजे ९०. पंधरा ग्रॅम शेंगदाणे म्हणजे ८५. बशी साडेतीनशेवर गेली आणि अजून शेव पडलेलीच नाही. दोन लहान जिलेब्या आकारानुसार दीडशे-दोनशेची भर घालतात. दोन चमचे साखरेचा चहा घेतला तर साखरेचेच चाळीस. बाराशेच्या लक्ष्यातील जवळजवळ निम्मा वाटा सकाळी दहाच्या आत संपतो आणि त्यात प्रथिने अगदीच थोडी असल्याने बारा वाजता पुन्हा भूक लागते. म्हणून असे लक्ष्य घेतलेल्या माणसाला न्याहारी सोडावीशी वाटते. ती सोडण्यापेक्षा बदलणे अधिक टिकाऊ ठरते: पोहे निम्मे, त्यात वाटाणा-फ्लॉवर भरपूर, तेल एक चमचा, सोबत दही किंवा एक अंडे. बशी तेवढीच भरलेली दिसते, कॅलरी अडीचशेच्या आसपास राहतात आणि दुपारपर्यंत निभते. जिलेबी रविवारी.

गोव्यातील ताटाची गोष्ट वेगळी आहे, पण तत्त्व तेच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. जेवणात भात तीनशे ग्रॅमपर्यंत सहज जातो. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात, त्यामुळे हुमणात खोबरे किती वाटले यावर बराच हिशेब अवलंबून असतो. मासळी मात्र येथे मित्र आहे. बांगडा तेलकट असला तरी त्यातील प्रथिने भूक रोखून धरतात. तोच रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला की मोजमाप बिघडते. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, हे एकदा लक्षात ठेवले तर स्वयंपाकघरातील अर्धे निर्णय आपोआप होतात. मद्याच्या प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमागे सात कॅलरी असतात. त्या बहुतेक जण वहीत लिहीतच नाहीत.

दोन्ही ठिकाणी कात्री लावायची ती तेल, साखर, भात-पोळीचा दुसरा वाढा आणि फरसाण यांना. डाळ, दही, अंडी, मासळी, पालेभाज्या यांना नव्हे. सामान्य प्रौढाला किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन घटवताना आहारतज्ज्ञ बहुधा त्याहून थोडे अधिकच सुचवतात. कारण उपाशी शरीर केवळ चरबी जाळत नाही, स्नायूही जाळते. केवळ वरण-भाताचे प्रमाण निम्मे करून बाराशे गाठणारी व्यक्ती आकडा पाळते आणि दंडाचे बळ गमावते. शाकाहारी घरांत लोह आणि जीवनसत्त्व ब-१२ यांकडेही लक्ष द्यावे लागते.

शरीर काटकसर शिकते

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. त्यात बराच भाग पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन ही साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते; साठा रिकामा झाला की ते पाणीही जाते. हा वेग पुढे टिकत नाही आणि तो टिकावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांचा भ्रमनिरास येथेच सुरू होतो.

एक किलो चरबीसाठी ७७०० कॅलरी, म्हणून रोज पाचशेची तूट केली की महिन्याला जवळजवळ दोन किलो, असा हिशेब सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ मॅक्स विश्नोफ्स्की यांच्या १९५८ मधील लेखात आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी तो ठीक आहे. वजन घटू लागले की लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, माणूस नकळत कमी हालचाल करतो आणि विश्रांतीतील खर्चही अपेक्षेपेक्षा अधिक उतरतो. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल यांनी वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांचा सहा वर्षांनी अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरींनी कमी आढळला. वजन मात्र बहुतेकांचे बरेचसे परत आले होते.

याहून जुना आणि अधिक अस्वस्थ करणारा प्रयोग मिनेसोटा विद्यापीठातला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरींवर ठेवले. आठवड्याला ३५ किलोमीटर चालणेही त्यात होते. वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. त्यांना सतत थंडी वाजे, ते खिन्न आणि चिडखोर झाले, अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेनासा झाला. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. ती माणसे सडपातळच होती, त्यामुळे स्थूल व्यक्तीशी तुलना जपूनच करावी लागेल. तरीही ज्या आकड्याला त्या प्रयोगात अर्धउपासमार म्हटले गेले, तो आजच्या अ‍ॅपच्या बाराशेपेक्षा बराच मोठा होता. आठवडाभर बाराशेवर राहून पाककृतींचे व्हिडिओ पाहत बसणाऱ्याने स्वतःला दुबळ्या मनाचे समजण्याचे कारण नाही.

जुळवून घेण्याचे व्यवहार्य मार्ग यातूनच निघतात. एकदम बाराशेवर न उतरता दर आठवड्याला दीड-दोनशे कॅलरी कमी करत जावे. पहिले दोन आठवडे कपात न करता केवळ मोजावे. रोज किती तेल पोटात जाते हे पाहूनच अनेकांचे डोळे उघडतात. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी घ्यावे. काटा थांबला तर आणखी कपात करण्याआधी कंबर मोजावी, झोप पाहावी आणि स्नायूंसाठी उठाबशा किंवा वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करावा. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी किंवा मिरामारच्या किनाऱ्यावर रोज फिरणे उत्तमच, पण तासभर संथ चालण्याने जेवढे जळते तेवढे समोशाच्या एका बशीत परत येते. खाण्याच्या वेळांबाबत मराठीत गेली काही वर्षे मोठा वाद चालला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण्याची पद्धत एकीकडे; थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा ऋजुता दिवेकर यांचा आग्रह दुसरीकडे. दोघेही कॅलरी मोजायला सांगत नाहीत, हे लक्षणीय आहे. ज्याला ज्या वेळापत्रकात एकूण अन्न कमी जाते, त्याने ते पाळावे, इतकेच तूर्त म्हणता येते.

गोव्यासाठी हा विषय सौंदर्याचा नाही. देशभरातील एक लाख तेरा हजारांवर लोकांच्या तपासणीवर आधारलेला आयसीएमआर-इंडियाब अभ्यास जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. शिवाय भारतीय शरीर कमी वजनातही चरबी बाळगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोघांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दोघांनी आपलेच छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून हा फरक जगापुढे ठेवला. म्हणूनच आपल्याकडे २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात.

मधुमेहींसाठी अतिकमी कॅलरींचा प्रयोग झाला तो ब्रिटनमध्ये, रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या देखरेखीखाली. ‘डायरेक्ट’ नावाच्या या चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नव्हती आणि इन्सुलिन सुरू नव्हते अशा रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरींचा द्रव आहार देण्यात आला. वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. पंधरा किलो किंवा अधिक वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून घरच्या घरी आठशेवर उतरणाऱ्यांची संख्या वाढली. त्या चाचणीतील एक तपशील मात्र ते विसरतात. तेथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि रुग्ण त्यांच्या नजरेखाली होते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण निम्मे केले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते: घाम, थरथर, गोंधळ आणि शेवटी शुद्ध हरपणे. रक्तदाबाच्या गोळ्या तशाच ठेवल्या तर उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती. हा बदल कधी आणि किती करायचा हे रुग्णाने ठरवायचे नसते. आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाणे भाग आहे. गर्भवती आणि स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि खाण्याविषयीच्या मानसिक विकारातून गेलेले यांनी हा मार्ग स्वतःहून धरूच नये. फार वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. पाळी अनियमित होणे हीदेखील कपात अति झाल्याची खूण आहे.

लक्ष्य गाठल्यावरचा टप्पा बहुतेक आहारयोजनांत लिहिलेलाच नसतो. ‘डायरेक्ट’मध्ये नेहमीचे अन्न दोन ते आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत आणले गेले आणि त्यानंतर महिन्याकाठी भेट ठरलेली होती. दोन वर्षांनी मधुमेहमुक्तीचे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन परत येऊ लागले की काही काळ पुन्हा द्रव आहाराचा आधार घ्यायचा, हा उपाय तेथे सुरुवातीलाच लिहून ठेवलेला होता.